कळ आणि हसू

ज्याचा चेहरा आपण कधी पाहिलेला नाही अशा माणसाने हसवलं, तर ते हसू फार काळ पुरतं. तमाशातला सोंगाड्या टोपी तिरकी करतो, डोळे मिचकावतो, अडखळून पडल्यासारखं करतो. नुसतं त्याच्याकडे बघूनच निम्मं काम होतं. रेडिओवर यातलं काहीच नाही. तिथे आवाज आहे, श्वास आहे आणि दोन शब्दांच्या मध्ये थांबायची जागा आहे. एवढ्या ऐवजावर ज्याला घरभर हसू उमटवता येतं तो कलावंत मोठा, असं मी मानते. माझ्यापुरतं हे माप ज्या आवाजावरून ठरलं, तो आवाज शाहीर साबळे यांचा.

आमचं गाव वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. आकाशवाणीचं सांगली केंद्र 1963 साली सुरू झालं, त्यामुळे मला कळू लागलं तेव्हा ते घरचंच होऊन गेलं होतं. माजघराच्या देवळीत ट्रान्झिस्टर, त्याला भोकाभोकांचं चामडी कव्हर, आणि काटा कायमचा 1251 किलोहर्ट्झवर. तो हलवायची आम्हां मुलांना मुभा नव्हती. पोस्टात जाऊन रेडिओच्या लायसन्सचे पैसे भरावे लागत. सेल उतरायला लागले की आबा ते काढून उन्हात ठेवत, म्हणजे आणखी थोडे दिवस निभत. सकाळी पुण्याहून प्रादेशिक बातम्या, संध्याकाळी शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, त्यात हळदीचे आणि गुळाचे भाव. भाव सांगताना कुणी बोललेलं आबांना खपत नसे. भाव संपले की रेडिओ बायकांचा आणि मुलांचा. लोकसंगीत लागायचं ते साधारण या वेळेला.

त्या वेळेला काय काय ऐकलं! ओव्या, भलरी, गोंधळ, धनगरी ओवी, वाघ्या-मुरळीची गाणी. यातली बरीच गाणी आम्ही गावातही ऐकत होतो, म्हणून रेडिओवर ती लागली की घरातली मोठी माणसं कौतुकाने मान हलवायची, आणि आपलं गाणं सांगलीपर्यंत जाऊन परत आलं याचा त्यांना अभिमान वाटायचा. पण एका संध्याकाळी जे लागलं त्याने सगळे हातातली कामं टाकून उभे राहिले. संत एकनाथांचं विंचवाचं भारूड, गाणारे शाहीर साबळे.

पहिली गोष्ट मला जाणवली ती कळ. त्या आवाजात विंचू खरोखर चावला होता. आवाज खालून निघून वर वर चढत गेला, वर जाऊन तिथेच तडफडला, आणि मग झिलकऱ्यांनी तो उचलून धरला. मी घाबरले होते. मग आजी हसली. आजी हसली म्हणून आई हसली. मग माझ्या लक्षात आलं की घाबरण्याची आणि हसण्याची जागा एकच आहे, आणि हा माणूस आपल्याला मुद्दाम त्या जागेवर आणून उभा करतोय.

पुढे हे भारूड अनेकदा लागलं, आणि दर वेळी मी तेवढ्याच उत्सुकतेने ऐकलं. शाहिरांनी काय केलं होतं हे हळूहळू समजत गेलं. त्यांनी विनोदी आवाज काढलेला नाही. नाकातून बोलणं नाही, चिरकणं नाही, सोंग आणल्याचा भास नाही. वेदना ते प्रामाणिकपणे गातात, अगदी भरल्या गळ्याने. फक्त ती एक क्षण जास्त लांबवतात. माणूस खरा कळवळला की आपल्याला कणव येते. तोच कळवळा क्षणभर लांबला की आपल्याला त्याच्यात स्वतःची ओळख पटते आणि हसू येतं. तो एक क्षण नेमका किती असावा हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. जत्रेतल्या पेट्रोमॅक्सच्या उजेडात, हजार माणसांच्या कुजबुजीत गाऊन गाऊन ते गळ्यात मुरतं.

आमच्या घरात भारुडाचा अर्थ सांगायचं काम आजीकडे होतं. ती लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती. कीर्तनं आणि पंढरीची वारी यांतून तिने जे वेचलं तेवढं तिचं शास्त्र. मी विचारलं, "आजी, विंचू चावला म्हणून एवढं गाणं कशाला?" ती म्हणाली, "आगं, त्यो इच्चू न्हवं. राग आला की कसं अंग भाजतंय, तुज्या आबाला इचार. त्योच इच्चू." आबा बाहेर पडवीत बसले होते. त्यांनी ऐकलं, पण ते काही बोलले नाहीत. आबांचा राग आम्हां सगळ्यांना माहीत होता. त्या क्षणी एकनाथ महाराज आमच्या घरात आले असं मला आजही वाटतं. पाठ्यपुस्तकातल्या धड्यातून ते असे कधी आले नसते.

मात्र त्या भारुडाची ताकद पुरती कळण्यासाठी विंचू काय असतो हे माहीत असावं लागतं, आणि शहरातल्या श्रोत्याला ते सहसा ठाऊक नसतं. आमच्याकडे दगडी बांध, उसाचा पाला, गोवऱ्यांची उडवी, छपराची कौलं, ही सगळी विंचवाची घरं. पायताण झटकल्याशिवाय घालायचं नाही, अंथरूण झाडल्याशिवाय आडवं व्हायचं नाही, हे चालायला लागल्यापासून शिकवलं जाई. आमच्या गल्लीतल्या एका काकांना पाला उचलताना विंचू चावला तेव्हा त्यांना आमच्याच पडवीत आणलं होतं. धिप्पाड माणूस. अंगावर घाम, पाय आपटणं, आणि तोंडातून निघणारा तो आवाज. त्या रात्री त्या पडवीत कुणाला भारूड आठवलं नाही, आठवलं असतं तरी कुणी उच्चारलं नसतं. विंचू उतरवणारा आला, मीठ आलं, कांदा आला, शेवटी बैलगाडी जुंपून त्यांना दवाखान्यात नेलं. काका वाचले. आणि मग, गणपतीच्या दिवसांत, पारावर बसून त्यांनीच शाहिरांच्या आवाजात विंचवाची कळ काढून दाखवली. सगळा पार हसला. त्यांची बायको दारात उभी होती, तीही हसली, पदर डोळ्याला लावून हसली. तिचं ते हसणं मी विसरलेले नाही. ज्या रात्री ती विधवा होता होता राहिली, त्या रात्रीवर ती हसत होती, आणि तसं हसण्याचा अधिकार तिला एका गाण्याने दिला होता.

हे वाढवून सांगत नाही. कोकणातल्या लाल विंचवाने त्या काळात माणसं मरत, विशेषतः मुलं. त्याचं विष हृदयावर जातं, फुप्फुसात पाणी भरतं आणि माणूस गुदमरतो. महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे मृत्यू जवळून पाहिले, रात्र रात्र रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या, आणि रक्तदाबावर वापरली जाणारी प्राझोसिनची गोळी या दंशावर गुणकारी ठरते हे दाखवून दिलं. लॅन्सेटसारख्या वैद्यकीय नियतकालिकात महाडच्या विंचवावर निबंध छापून आले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी त्यांच्या कामाबद्दल वाचलं तेव्हा मला आधी ते भारूडच आठवलं. सोळाव्या शतकात पैठणला बसून एकनाथांनी काम-क्रोधासाठी रूपक निवडायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी वाघ निवडला नाही, सर्प निवडला नाही. ज्याच्यापासून कुठलंच घर सुटत नाही, जो चपलेत सापडतो, अंथरुणात सापडतो, तो विंचू निवडला. ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येकाने एकदा तरी कुणाला तरी त्या वेदनेत पाहिलेलं होतं. म्हणून ते हसू उथळ होऊच शकत नव्हतं.

आणि म्हणूनच ते गाणाऱ्याने वेदनेची थट्टा करून चालत नव्हतं. साबळ्यांनी ती केली नाही. माझ्या मते लोकगायनातल्या विनोदाचं सगळं मर्म इथे आहे. दुःख खोटं पाडून हसवणं सोपं. दुःख जसंच्या तसं ठेवून हसवणं फार थोड्यांना जमलं.

आकाशवाणीच्या एका सवयीचे माझ्यावर उपकार आहेत. गाणं लागण्याआधी किंवा नंतर निवेदक नावं सांगत: रचना कुणाची, संगीत कुणाचं, गायक कोण. आता गाणी नाव-गाव नसलेली फिरतात, तेव्हा तसं नव्हतं. त्या सवयीमुळेच मला एक मोठा शोध लागला. एक मे रोजी सकाळी महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात 'जय जय महाराष्ट्र माझा' लागलं आणि निवेदिकेने सांगितलं: गीत राजा बढे, संगीत श्रीनिवास खळे, गायक शाहीर साबळे. मी आईला दोनदा विचारलं, तेच का? विंचवाचे? ज्या गळ्यातून विंचवाची कळ निघते त्याच गळ्यातून सह्याद्रीच्या कड्यांवर आदळणारं ते गाणं निघतं, हे माझ्या मनात बसायला वेळ लागला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर, राज्य स्थापन झालं त्या काळातलं हे गीत. 2023 साली शासनाने ते राज्यगीत म्हणून स्वीकारलं. आज शाळाशाळांतून ते सावधान उभं राहून म्हटलं जातं. तो गळा आधी हसवणारा म्हणून आमच्या घरात आला होता, त्यामुळे त्या राज्यगीतातही मला नेहमी एक घरगुती ऊब जाणवते. ते सिंहासनावरून म्हटलेलं वाटत नाही. पारावर उभं राहून म्हटलेलं वाटतं.

पारच त्यांचा होता. कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म 3 सप्टेंबर 1923 रोजी वाई तालुक्यातल्या पसरणीचा. वाईहून पाचगणीला चढणारा जो घाट, त्याला नाव दिलेलं तेच हे गाव. वाईच्या घाटांवरून निघालेलं कृष्णेचं पाणी कऱ्हाडवरून आमच्या वाळव्याला येतं, त्यामुळे त्यांची बोली आम्हाला परकी नव्हती; रेडिओवरचा प्रमाण मराठीतला निवेदक थांबला आणि शाहीर सुरू झाले की आमच्याच नदीच्या वरच्या अंगाचं कुणी बोलतंय असं वाटायचं. घरात वारकरी भजनाची हवा होती. आईच्या जात्यावरच्या ओव्या कानावर होत्या. मुलाला शिक्षणासाठी अमळनेरला पाठवलं, तिथे साने गुरुजींचा सहवास लाभला. शिक्षण अर्धवट राहिलं, पण गुरुजींचा संस्कार राहिला: स्वातंत्र्याच्या चळवळीत गाणं, अस्पृश्यतेविरुद्ध उभं राहणं, गावच्या देवळाची दारं सगळ्यांना उघडावीत म्हणून झटणं. पुढे मुंबई. शाहिरी, पोवाडे, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्यासारखे बुलंद शाहीर ज्या काळात मैदानं गाजवत होते त्याच काळात साबळेही गात होते. 'माझा पवाडा' हे त्यांचं आत्मचरित्र. ते वाचताना मला वारंवार जाणवलं की विनोद ही या माणसाची मूळ प्रकृती नव्हती. मूळ प्रकृती तळमळीची होती. तळमळ नुसती तळमळ म्हणून मांडली तर लोक उठून जातात, हे त्यांना मैदानावर कळलं असणार.

इथे रेडिओबद्दल आणि रेकॉर्डबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण तो आवाज जसा आमच्यापर्यंत आला तसा मैदानात नव्हता. भारूड रात्रभर रंगणारी गोष्ट. भारुडकरी एका कडव्यावर अर्धा तास खेळू शकतो. समोरच्या म्हाताऱ्याला नावाने हाक मारील, पाटलाची फिरकी घेईल, मध्येच अभंग आणील, सोंग बदलून येईल. जुन्या तबकडीच्या एका बाजूला मात्र तीन-साडेतीन मिनिटंच मावत. स्टुडिओत लाल दिवा लागलेला, भिंतीवर घड्याळ, समोर माणूस नाही. ज्याचा सगळा जीव समोरच्याच्या प्रतिसादावर, त्याला रिकाम्या खोलीत हसवायचं. पुष्कळ चांगले भारुडकरी या खोलीत हरले असतील. साबळ्यांच्या ध्वनिमुद्रणात मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती झिलकऱ्यांची योजना. तिथे कोरस नुसतं ध्रुपद ओढत नाही, तो पाराचं काम करतो. शाहीर कळवळला की कोरस चमकतो, शाहीर उतारा सांगू लागला की कोरस मान डोलावतो. श्रोते स्टुडिओत नव्हते, म्हणून त्यांनी श्रोते गाण्यातच बसवले. देवळीतल्या त्या लहानशा यंत्रातून गाणं यायचं तेव्हा आमच्या माजघरात गर्दी जमल्यासारखं वाटायचं त्याचं कारण हेच.

भारुडाची चव लागली आणि मग रेडिओवर भारूड म्हणून जे लागेल ते मी ऐकू लागले. एकनाथांनी किती सोंगं उभी केलीत! वासुदेव, जोशी, गोंधळी, आंधळा, बहिरा, मुका, फुगडी खेळणारी, पिंगा घालणारी. समाजाने ज्यांना दाराबाहेर उभं केलं त्यांच्या तोंडी त्यांनी वेदान्त घातला, आणि तोही हसत हसत. एकदा दुपारच्या बायकांच्या कार्यक्रमात ते भवानी आईला साकडं घालणाऱ्या सुनेचं भारूड लागलं. सून देवीला नवस बोलते, रोडगा वाहीन म्हणते, आणि त्या बदल्यात मागते काय, तर सासरच्या एकेका माणसापासून सुटका. सासरा, सासू, जाऊ, नणंद, पार नवऱ्यापर्यंत. माजघरात आई भाकरी थापत होती आणि आजी चुलीपाशी बसून लसूण सोलत होती. सासूचा उल्लेख आला तशी आईची थाप मंदावली. तिने आजीकडे बघितलं नाही. मी दोघींकडे बघत होते. आणि आजी हसली. मोकळी, पोटातून हसली, आणि म्हणाली, "मीबी मागितलं व्हतं गं, माज्या सासूसाटी. देवीनं कुटं ऐकलं!" मग आईपण हसू लागली, "आत्याबाई, तुमचं म्हंजे काय..." म्हणत तिला पुढचं बोलता येईना. त्या दोघींमध्ये जे कधी बोललं गेलं नव्हतं ते त्या दुपारी गाण्यातून बोलून झालं. ते भारूड अखेरीस अहंकाराची नाती तोडून एका देवीपाशी एकटं राहण्याचं आहे, हा अर्थ आजीने मला नंतर सांगितला. पण आधी तिने हसून घेतलं. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. अर्थ आधी सांगितला असता तर आई भाकऱ्या थापतच राहिली असती.

साबळ्यांच्या मुक्तनाट्यांबद्दल मी वडीलधाऱ्यांकडून ऐकत आले. तमाशाचा बाज घेऊन, पण त्याच्या ठरीव चौकटीतून मोकळं होऊन त्यांनी हे नाट्य उभं केलं, आणि 'मुक्तनाट्य' हे नाव त्यांच्या कामाशी कायमचं जोडलं गेलं. 'यमराज्यात एक रात्र', आणि सगळ्यात गाजलं ते 'आंधळं दळतंय'. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय या म्हणीचा पहिला अर्धा भाग नाटकाला नाव म्हणून दिला. दुसरा अर्धा प्रेक्षकांनी मनात म्हणावा. मुंबईत मराठी माणसाची जी अवस्था झाली होती त्यावरचं ते कोरडे ओढणारं नाट्य. 1966 साली शिवसेना स्थापन झाली त्या दिवसांच्या आठवणी सांगणारी माणसं या मुक्तनाट्याचं नाव हमखास घेतात. त्याचं मोल मी कमी करत नाही. लोकनाट्याने शहराच्या मनाला हात घातला, ही लहान गोष्ट नव्हे. तरीही मला विचाराल तर मी विंचवाकडेच जाईन. राजकीय उपहासाला एक शत्रू समोर लागतो, आणि काळ बदलला की शत्रूही बदलतो. पन्नास वर्षांनी त्या टोल्यांना टिपा जोडाव्या लागतात. भारुडातला शत्रू ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या अंगात आहे. एकनाथांनी त्याच रचनेत माणसालाच इंगळी म्हटलंय, आणि तिचा नांगा सगळ्यात दारुण ठरवलाय. हे ऐकताना कुणाकडे बोट दाखवायची सोय राहत नाही. साबळ्यांच्या आवाजातही तिथे बोट दाखवल्याचा सूर नाही, म्हणून तो मला त्यांच्या उपहासापेक्षा मोठा वाटतो.

त्यांना मी प्रत्यक्ष पाहिलं ते कॉलेजात असताना, 'महाराष्ट्राची लोकधारा'च्या कार्यक्रमाला. कोळी, धनगर, वासुदेव, पोतराज, गोंधळी, भलरी गाणारे, अशी सगळी मिरवणूक एका रंगमंचावर. ज्या कला जत्रेबरोबर विझत चालल्या होत्या त्यांना त्यांनी तिकीट काढून बघण्याचा मान मिळवून दिला. पुढे नावारूपाला आलेले भरत जाधव, अंकुश चौधरी असे नट या पथकात घडले, आणि शाहिरांचे नातू केदार शिंदे यांनी 2023 मध्ये आजोबांवर 'महाराष्ट्र शाहीर' हा चित्रपट काढला. त्या रात्री मला मात्र त्यांचा चेहरा बघायचा होता. गंभीर चेहरा. फेटा बांधलेला, ताठ उभा राहिलेला माणूस. हसवायच्या जागेवरही तो चेहरा फारसा हलला नाही. मला फार आनंद झाला. रेडिओवर ऐकून मी जे समजले होते तेच खरं निघालं होतं: सगळं आवाजातच होतं.

साबळ्यांमुळे माझा कान ज्या दुसऱ्या गळ्याकडे वळला तो विठ्ठल उमप यांचा. त्यांच्या 'जांभूळ आख्याना'त द्रौपदीच्या मनातली कर्णाची ओढ आहे; ऐकणारा हसत हसत आत शिरतो आणि आत गेल्यावर त्याला एका बाईचं गुपित भेटतं. पुन्हा तेच, कळ आणि हसू एका जागी. उमपांनी 2010 साली नागपूरला दीक्षाभूमीवर, रंगमंचावरच शेवटचा श्वास घेतला. साबळे 20 मार्च 2015 रोजी मुंबईत गेले. त्या दिवशी बातम्यांमध्ये दिवसभर 'जय जय महाराष्ट्र माझा' वाजत राहिलं, आणि ते योग्यच होतं. मी घरात विंचवाचं भारूड लावलं. आई होती. आजीला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. आई म्हणाली, "आवाज वाढव." मी वाढवला.

हल्ली हे भारूड शाळांच्या स्नेहसंमेलनात हमखास असतं. गेल्या हिवाळ्यात भाच्याच्या शाळेत त्याची तालीम चालली होती आणि बाईंनी मला बघायला बोलावलं. विंचू चावलेला मुलगा मोठा हुशार. त्याने डोळे फिरवले, जीभ बाहेर काढली, लोळण घेतली. बाकीची मुलं हसली. मी त्याला जवळ बोलावून विचारलं, "तुला कधी काही चावलंय?" त्याला गांधीलमाशी चावली होती, कानाला. "तेव्हा जसा ओरडला होतास तसा ओरड, तोंड वाकडं न करता. हसायचं ते लोक हसतील." त्याने डोळे मिटून घेतले, थोडा वेळ आठवलं आणि कळ काढली. पेटीवर बसलेले सर दचकून थांबले, आणि मग सगळा वर्ग हसला, आधीपेक्षा वेगळ्या आवाजात.

त्यांच्या संहितेत शेवटचं कडवं नव्हतं. वेळ पाच मिनिटांचा होता आणि मधे नाच घातला होता, म्हणून ते गाळलं होतं. त्या कडव्यात विंचू उतरतो, तरी अंगात थोडी ठणक शिल्लक राहते, आणि ती एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी शांत करतात. एवढी वेदना दाखवून ती उतरल्याचं सांगितलंच नाही, तर त्या मुलाला तिथेच तळमळत ठेवून पडदा पाडल्यासारखं होईल, असं मी बाईंना म्हणाले. त्यांनी घड्याळ लावून दोनदा तालीम घेतली. मग नाच निम्मा केला आणि कडवं ठेवलं.